मोठ्या मोटरला पहिल्यांदा ड्राइव्ह बसवताना

जळगाव एमआयडीसीतल्या एका पाइप कारखान्यात मी पहिला मोठा ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणारा डबा, बसवला. एक्स्ट्रुडरची, म्हणजे पीव्हीसी वितळवून पाइप काढणाऱ्या मशीनची, १६० किलोवॅटची मोटर होती, म्हणजे आपल्या बोलीत २१५ एचपी. डिसेंबरात चालू केला आणि चार महिने कसलीच तक्रार आली नाही. एप्रिल संपता संपता मात्र तो रोज दुपारी दोनच्या सुमारास ट्रिप व्हायला लागला. रात्रपाळीला ठणठणीत आणि दुपारी बंद. एक्स्ट्रुडर मध्येच थांबला की बॅरलमधलं पीव्हीसी जळतं, आणि मग सगळं खोलून साफ करण्यात अख्खी पाळी जाते. मी दोन दिवस पॅरामीटर, म्हणजे ड्राइव्हच्या सेटिंग, चाळत बसलो होतो. तिथले जुने ऑपरेटर आप्पा पॅनलच्या दाराला हात लावून म्हणाले, "हाऊ डबा तपी ऱ्हायना, भाऊ." म्हणजे हा डबा तापतोय. आप्पांचंच बरोबर होतं.

त्यानंतर धुळे, शिरपूर, शहादा, चोपडा अशा बऱ्याच ठिकाणी डाळ मिल, तेल मिल, जिनिंग आणि साखर कारखान्यांत ड्राइव्ह बसवले. प्रत्यक्ष ड्राइव्हच खराब निघालाय असं फार थोड्या वेळा पाहिलं. बाकी सगळ्या वेळी दोष होता तो उष्णतेत, धुळीत, केबलमध्ये, अर्थिंगमध्ये नाहीतर मुळातल्या निवडीत. १०० एचपीच्या वरच्या मोटरला पहिल्यांदाच ड्राइव्ह लावणाऱ्या वायरमन, सुपरवायझर आणि छोट्या कारखानदारांनी त्याच चुका पुन्हा करू नयेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी डब्यात काय असतं ते दोन ओळींत. येणारी ४१५ व्होल्टची एसी आधी रेक्टिफायरमधून डीसी होते. ही डीसी मोठ्या कपॅसिटरांवर साठते, तिला डीसी बस म्हणतात, आणि तिथे साधारण ५६० ते ५९० व्होल्ट असतात. पुढे आयजीबीटी नावाचे वेगवान स्विच त्या डीसीचे सेकंदाला हजारो तुकडे करून हव्या त्या फ्रिक्वेन्सीची एसी बनवतात. आयजीबीटी प्रत्यक्षात आणण्याचं मोठं श्रेय बी. जयंत बालिगा यांना जातं. मद्रासला जन्मलेल्या आणि आयआयटी मद्रासला शिकलेल्या या माणसाने अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हे काम केलं, ते आपल्या मुलांना सांगायला हवं. भुसावळ स्टेशनात डब्ल्यूएपी-७ किंवा डब्ल्यूएजी-९ इंजिन गाडी उचलताना जो चढत जाणारा सूर ऐकू येतो, तोही कन्व्हर्टरच्या स्विचिंगचाच.

१. ड्राइव्ह खरंच हवा आहे का, ते आधी ठरवा

मोटर चालू होताना झटका बसतो, दिवे मंद होतात, एवढीच अडचण असेल आणि वेग कायम ५० हर्ट्झचाच हवा असेल, तर सॉफ्ट स्टार्टर, म्हणजे मोटर फक्त हळूहळू चालू करून देणारा स्टार्टर, पुरतो. तो स्वस्त असतो, आणि मोटर सुरू झाल्यावर वीज परस्पर मोटरला देणारा स्विच, म्हणजे बायपास कॉन्टॅक्टर, लागला की तापतही नाही. वेग कमीजास्त करायचा असेल तरच ड्राइव्हचा खर्च वसूल होतो.

पंख्याला आणि ब्लोअरला तो हमखास वसूल होतो, कारण पंख्याची पॉवर वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग ८० टक्के केला की पॉवर ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे साधारण ५१ टक्के. बॉयलरचा आयडी फॅन (धूर ओढून बाहेर काढणारा पंखा) डँपर, म्हणजे हवेची झडप, अर्धा मिटवून चालवत असाल तर बचत डोळ्यांना दिसेल.

पंपाच्या बाबतीत मात्र घाई करू नका. तापीवरच्या उपसा सिंचनाच्या पंपाला "वेग कमी करा, अर्धी वीज वाचवा" असं सांगणारे बरेच भेटतात. समजा पाणी ४५ मीटर उंच चढवायचंय आणि पूर्ण वेगाला पंपाचा शट-ऑफ हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बंद असताना पंप जेवढ्या उंचीचा दाब देतो तो, ६० मीटर आहे. हेड वेगाच्या वर्गाप्रमाणे घटतो. ८० टक्के वेगाला तो उरतो ६० × ०.६४, म्हणजे ३८.४ मीटर. ४५ मीटरवर पाणी चढणारच नाही. मोटर फिरतेय, पंप आतल्या आत पाणी घुसळतोय आणि शेतात थेंब नाही. जिथे चढ जास्त तिथे वेग कमी करायला वाव थोडा, म्हणून पंपाचा कर्व्ह (हेड आणि पाण्याचा आलेख) मागवल्याशिवाय हो म्हणू नका.

२. एचपी बघून ड्राइव्ह घेऊ नका

माझी पहिली चूक इथेच झाली. मोटर १६० किलोवॅटची, कॅटलॉगमध्ये ड्राइव्ह १६० किलोवॅटचा, जोडी जमली असं वाटलं. पण एकाच ड्राइव्हला दोन रेटिंग असतात. नॉर्मल ड्यूटी, म्हणजे पंखा आणि पंप, इथे साधारण ११० टक्के ओव्हरलोड एक मिनिट झेपतो. हेवी ड्यूटी, म्हणजे एक्स्ट्रुडर, क्रशर, कन्व्हेयर, उसाचा श्रेडर, इथे १५० टक्के एक मिनिट लागतो. मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुतेक वेळा नॉर्मल ड्यूटीचा असतो. मी घेतलेला ड्राइव्ह हेवी ड्यूटीला १३२ किलोवॅटचाच होता, आणि ते त्याच पानावर खालच्या ओळीत लिहिलेलं होतं.

म्हणून मोटरच्या नेमप्लेटवरचे अँपिअर घ्या. १६० किलोवॅट, ४ पोलच्या मोटरला ते २७० च्या आसपास असतात. मग तुमच्या लोडच्या ड्यूटीच्या रकान्यात त्याहून जास्त अँपिअर देणारा ड्राइव्ह शोधा. जुनी, एकदोनदा रिवाइंड झालेली मोटर असेल तर क्लँप मीटरने चालू लोडवरचा खरा करंटही मोजून ठेवा.

मोटर ४००-५०० किलोवॅटकडे जायला लागली की आणखी एक विचार करावा लागतो. ५०० किलोवॅट ४१५ व्होल्टवर घेतले तर सव्वाआठशे-साडेआठशे अँपिअर होतात. तेच ६.६ केव्हीवर साधारण ५३ अँपिअर. केबलची जाडी आणि लांबी पाहिली की एवढ्या मोटरला लोक हाय व्होल्टेज ड्राइव्हकडे का जातात ते कळतं. त्यात फेज सरकवणारा ट्रान्सफॉर्मर आणि एकापुढे एक जोडलेले बरेच सेल, म्हणजे छोटे छोटे ड्राइव्ह, असतात. ते काम पहिल्या अनुभवासाठी घेऊ नका, कंपनीचाच इंजिनिअर बोलवा.

३. मे महिन्याचा हिशेब डिसेंबरात करा

बहुतेक ड्राइव्हचं रेटिंग ४० अंशांसाठी असतं. त्यापुढे बऱ्याच ड्राइव्हमध्ये दर अंशाला साधारण १ टक्का करंट कमी धरावा लागतो, आणि ५० अंशांच्या वर बहुतेक जण परवानगीच देत नाहीत. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळतो. जळगाव-भुसावळला उन्हाळ्यात सावलीतच ४५ होतात, आणि पत्र्याच्या शेडखाली किती होतात ते तिथे काम करणाऱ्याला विचारा. ४५ अंशांचं धरलं तरी ३०० अँपिअरचा ड्राइव्ह २८५ चा होतो. समुद्रसपाटीपासून उंचीमुळे होणारी घट १००० मीटरच्या वर सुरू होते, आपण त्याच्या खूप खाली आहोत, तेवढी एक चिंता नाही.

आता पॅनलमधली उष्णता. ड्राइव्हमध्ये साधारण अडीच टक्के पॉवर उष्णता होऊन जाते. १६० किलोवॅटला ती ४ किलोवॅट झाली, म्हणजे २००० वॅटचे दोन हीटर पॅनलमध्ये दिवसभर चालू ठेवल्यासारखं. लागणारी हवा काढायचं सोपं सूत्र असं: वॅट गुणिले ३.१, भागिले तापमानातला फरक. उत्तर घनमीटर प्रति तास. हवा १० अंश तापू देणार असाल तर ४००० × ३.१ ÷ १०, म्हणजे १२४० घनमीटर. पण बाहेर ४५ आणि आत ५० च्या वर जाऊ द्यायचं नाही, म्हणजे हातात फरक उरला ५ अंशांचा. लागणारी हवा एकदम दुप्पट, २४८० घनमीटर. पॅनल बनवणारा सरसकट दोन छोटे पंखे लावून देतो, ते इथे कामाचे नाहीत.

आमच्या पॅनलमध्ये पंखे पुरेसे होते, तरी तो तापत होता. दोन दिवसांनी थर्मामीटर आत ठेवला तेव्हा कारण सापडलं. ड्राइव्हच्या डोक्यावरून निघालेली गरम हवा पॅनलच्या छताला आपटून पुढच्या बाजूने खाली येत होती आणि ड्राइव्ह तीच परत ओढत होता. ड्राइव्हभोवती पत्र्याचा पडदा करून गरम आणि थंड बाजू वेगळी केली, वरून डक्ट काढून हवा भिंतीबाहेर सोडली, आणि त्या दिवसापासून दुपारचं ट्रिप होणं थांबलं. हेवी ड्यूटीचा प्रश्न मात्र राहिलाच. तो ड्राइव्ह पुढे ब्लोअरवर हलवला आणि एक्स्ट्रुडरला मोठा घेतला.

जमत असेल तर ड्राइव्हसाठी विटांची वेगळी खोली बांधा, उत्तरेकडे दार ठेवा, आणि एसी लावणार असाल तर हिशेब या ४ किलोवॅटचा करा, खोलीच्या आकाराचा नव्हे. हीटसिंक, म्हणजे उष्णता सोडणारे धातूचे पंख, पॅनलच्या मागून बाहेर काढता येणारे ड्राइव्हही मिळतात. त्यात बहुतेक उष्णता बाहेरच जाते, पण कापसाच्या किंवा डाळीच्या धुळीत ते पंख बुजतात, तेव्हा जागा बघून ठरवा.

४. कपॅसिटर पॅनलकडे आधी बघा

रेक्टिफायर वीज सलग घेत नाही, लाटेच्या टोकाला घोट घेतल्यासारखी घेतो. त्यातून पाचवा, सातवा, अकरावा, तेरावा असे हार्मोनिक, म्हणजे ५० हर्ट्झच्या पटीतल्या नको असलेल्या लाटा, तयार होतात. ५० हर्ट्झच्या सप्लायमध्ये पाचवा २५० हर्ट्झचा, सातवा ३५० चा. ट्रान्सफॉर्मर तापणं, एमसीबी उगाच पडणं हे त्यातूनच येतं. पण सगळ्यात आधी मरतात ते पॉवर फॅक्टरचे कपॅसिटर.

असं का होतं ते एका हिशेबात कळेल. १००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, त्याचा इंपीडन्स ५ टक्के. शॉर्ट सर्किट पातळी झाली १००० ÷ ०.०५, म्हणजे २०,००० केव्हीए. त्यावर ४०० केव्हीएआरचे कपॅसिटर चालू असतील तर २०,००० ÷ ४०० = ५०, आणि ५० चं वर्गमूळ ७.०७. म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर मिळून नेमके सातव्या हार्मोनिकशी सूर जुळवून बसलेत. ड्राइव्हमधून निघणारा सातवा हार्मोनिक तिथे कित्येक पट वाढतो. एका तेल मिलमध्ये नवा ड्राइव्ह चालू झाल्यापासून पंधरा दिवसांत तीन कपॅसिटर फुगलेले मी पाहिलेत, आणि मालक कपॅसिटरच्या दुकानदाराशी भांडत होते.

हा हिशेब तुमच्या आकड्यांनी करा. उत्तर ५, ७, ११, १३ च्या जवळ येत असेल तर कपॅसिटरला ७ टक्क्यांचा डीट्यून्ड रिअॅक्टर (सूर बदलणारी कॉइल) लावा. त्याने सूर १८९ हर्ट्झवर, पाचव्याच्या खाली येतो. आणखी एक जपा: रिअॅक्टर मागाहून जोडला तर कपॅसिटरवरचं व्होल्टेज वाढतं, म्हणून कपॅसिटरही जास्त व्होल्टेजचे घ्यावे लागतात.

ड्राइव्हलाही चोक, म्हणजे करंटचे झटके मऊ करणारी कॉइल, हवाच. चोक नसलेला साध्या एका रेक्टिफायरचा, म्हणजे सहा पल्सचा, ड्राइव्ह करंटमध्ये ७०-८० टक्क्यांपर्यंत विकृती आणू शकतो. एसी किंवा डीसी चोकने ती ३५-४० च्या आसपास येते. बारा पल्समध्ये दोन रेक्टिफायर ३० अंश सरकवून जोडतात, तिथे पाचवा-सातवा एकमेकांना मारतात. अॅक्टिव्ह फ्रंट एंड (रेक्टिफायरच्या जागीही आयजीबीटी) घेतला तर ५ टक्क्यांच्या आत बसतं, पण पैसे जवळपास दुप्पट धरा. माझा स्वतःचा ठोकताळा असा की ट्रान्सफॉर्मरच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत ड्राइव्ह असतील तर चोक पुरे, त्यापुढे पॉवर अॅनालायझर भाड्याने आणून आठवडाभर मोजा.

बिलाशीही याचा संबंध आहे. महावितरणच्या एचटी, म्हणजे उच्चदाबाच्या ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएच बिलिंग लागू आहे, म्हणजे पॉवर फॅक्टर कमी तर बिल जास्त. ड्राइव्हच्या स्क्रीनवर पॉवर फॅक्टर ०.९७ दिसतो, पण हार्मोनिक धरून खरा पॉवर फॅक्टर त्याहून कमी असतो, आणि मीटर तो मोजतो.

५. ऑर्डर देण्याआधी हातात हवं ते

कागद: मोटरच्या आणि ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटचे स्वच्छ फोटो, कपॅसिटरची यादी, सिंगल लाइन डायग्राम, मागच्या १२ महिन्यांची वीजबिलं, पंप किंवा पंख्याचा कर्व्ह, ड्राइव्हपासून मोटरपर्यंत केबलची मोजलेली लांबी. लोड वाढणार असेल तर विद्युत निरीक्षक कार्यालयाची आणि वीज कंपनीची मंजुरी आधी बघून घ्या.

हत्यारं: १००० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर), ट्रू आरएमएस क्लँप मीटर, कॅट-३ १००० व्होल्टचा मल्टीमीटर, टॉर्क रेंच, हायड्रॉलिक क्रिंपिंग टूल, अर्थ टेस्टर. थर्मल कॅमेरा भाड्याने मिळतो.

६. मोटरची तयारी

स्टार-डेल्टावर चालणारी मोटर असेल तर सहा टोकं येतात. ड्राइव्हवर ती मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्येच डेल्टात जोडायची, आणि जुना स्टार्टर पूर्ण काढायचा. "राहू द्या, अडीअडचणीला कामी येईल" म्हणून तो ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये ठेवणारे पाहिलेत. चालू लोडवर तो कॉन्टॅक्टर उघडला की ड्राइव्ह ट्रिप होतो, कधी आयजीबीटीही जातात. ड्राइव्हच्या पुढे, मोटरच्या बाजूला, कपॅसिटर तर कधीच नको.

कमी वेगाला मोटरचा स्वतःचा पंखाही हळू फिरतो. एक्स्ट्रुडर १५ हर्ट्झवर पूर्ण टॉर्कने चालत असेल तर मोटर आतून भाजते. तिला मागे वेगळा ब्लोअर लावा आणि वाइंडिंगमधला थर्मिस्टर (तापमान सांगणारा सेन्सर) ड्राइव्हला जोडा.

शंभर किलोवॅटच्या वरच्या मोटरला बेअरिंगमधून करंट जाण्याचा धोका असतो. खोललेल्या बेअरिंगच्या रेसवर पन्हाळी पत्र्यासारख्या बारीक समान रेघा दिसल्या तर तो ग्रीसचा दोष नाही, करंटने केलेलं काम आहे. त्यासाठी मोटरच्या मागच्या बाजूला इन्सुलेटेड बेअरिंग घालतात. आता सापळा असा: मोटर रिवाइंडिंगला गेली की तिथला फिटर जुनं बेअरिंग काढून त्याच नंबरचं साधं बसवून देतो. मोटर पाठवतानाच चिठ्ठीवर लिहून द्या, "मागचं बेअरिंग इन्सुलेटेड, तार इन्व्हर्टर ग्रेडची".

७. केबल आणि अर्थिंग

ड्राइव्हमधून येणारं व्होल्टेज उभ्या भिंतीसारखं चढतं. केबल लांब असेल तर ही लाट मोटरवर आदळून परत फिरते आणि मोटरच्या टोकाला डीसी बसच्या दुपटीपर्यंत, साधारण ११००-१२०० व्होल्ट होऊ शकतात. जुन्या वाइंडिंगला ते झेपत नाही. ५० मीटरच्या पुढे मॅन्युअल उघडून आउटपुट चोक किंवा डीव्ही-डीटी फिल्टर (व्होल्टेजची चढण सौम्य करणारा) लागतो का ते बघा. शक्यतो ड्राइव्हच मोटरच्या जवळच्या खोलीत न्या.

दोन-तीन केबल समांतर टाकायच्या असतील तर प्रत्येक केबलमध्ये तिन्ही फेज हवेत. एक केबल आर फेजला, एक वायला असं केलं तर ट्रे तापते. कंट्रोलची शिल्डेड वायर पॉवर केबलपासून फूटभर लांब ठेवा, आणि ओलांडायचीच असेल तर काटकोनात. शहाद्याकडच्या एका कामात स्पीड रेफरन्स नाचत होता आणि पंखा आपोआप कमीजास्त होत होता. ४-२० मिलिअँपिअरची वायर वेगळ्या ट्रेमध्ये नेली आणि थांबला.

मोटरच्या बॉडीला नियमाप्रमाणे दोन वेगळे अर्थ द्या. त्याशिवाय केबलमधला अर्थ किंवा आर्मर सरळ ड्राइव्हच्या अर्थ बारपर्यंत आणा, दोन्ही टोकांना नीट ग्लँड करून. लग, म्हणजे केबलच्या टोकाची टोपी, टॉर्क रेंचने घट्ट करा, आणि महिन्याने एकदा पुन्हा तपासा, अॅल्युमिनियम दबून लग ढिला होतो.

८. चालू करण्याचा दिवस

मेगर करताना केबल ड्राइव्हच्या टर्मिनलवरून काढलेली असायलाच हवी. ड्राइव्ह जोडलेला असताना मेगर मारला की आयजीबीटी गेलेच समजा. वाइंडिंगला किमान ५ मेगाओहम हवा.

येणारे फेज आर-एस-टीला आणि मोटर यू-व्ही-डब्ल्यूला. उलट जोडून सप्लाय दिला की ड्राइव्ह तिथेच फुटतो, म्हणून दोन माणसांनी वेगवेगळं तपासा.

पॅरामीटरमध्ये नेमप्लेट जशीच्या तशी भरा. वेगाच्या जागी १५०० लिहू नका. नेमप्लेटवर १४८५ असेल तर १४८५ च. तो फरक स्लिपचा, म्हणजे लोडवर मोटर थोडी मागे पडण्याचा आहे, आणि ड्राइव्ह त्यावरून मोटरचं गणित करतो. मग कपलिंग सोडून ऑटो-ट्यून करा, म्हणजे ड्राइव्ह मोटर फिरवून तिची मापं स्वतः घेतो. कपलिंग सुटत नसेल तर मोटर न फिरवता होणारा स्थिर ट्यून.

पहिल्यांदा ५ हर्ट्झवर फिरवून दिशा बघा. सेंट्रिफ्युगल पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच बाजूला, फक्त कमी येते, म्हणून हवेवरून दिशा ठरवू नका, शाफ्ट बघा. मोठ्या पंख्याला वेग घ्यायला ६० ते १२० सेकंद द्या. थांबवताना घाई केली की मोटर जनरेटर होते, वीज उलटी डीसी बसवर येते आणि ओव्हरव्होल्टेज ट्रिप पडतो. पंख्याला कोस्ट स्टॉप, म्हणजे आपोआप मंदावत थांबू देणं, ठेवणं बरं. आयडी फॅन बंद असतानाही ओढीने फिरत राहतो, तेव्हा फ्लाइंग स्टार्ट, म्हणजे फिरत्या मोटरचा वेग पकडून सुरू करायची सोय, चालू ठेवा. माणसं हात घालतात अशा मशीनवर ऑटो रिस्टार्ट कधीही चालू ठेवू नका, वीज गेली-आली की ते आपोआप फिरायला लागेल.

दुरुस्तीला उघडताना सप्लाय बंद करून, कुलूप लावून, मॅन्युअलमध्ये दिलेली ५ ते १५ मिनिटं थांबा. स्क्रीन विझली म्हणजे डीसी बस रिकामी झाली असं समजू नका. प्लस-मायनसवर मीटर लावून ५० व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करा, मगच हात घाला. हे मी पोरांना रोज सांगतो आणि रोज सांगणार.

९. जिनिंगसारख्या हंगामी कारखान्यांसाठी

जिनिंग कापसाच्या हंगामात चालतं आणि मग कित्येक महिने कुलूप. या काळात ड्राइव्हला दोन गोष्टी मारतात: पावसाळ्याचा ओलावा आणि कपॅसिटरचं नुसतं पडून राहणं. पॅनलमधला स्पेस हीटर चालू ठेवा आणि केबलच्या भोकांना पुट्टी भरा, पाल आणि उंदीर तिथूनच येतात. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा ड्राइव्हला सप्लाय देऊन तासभर ठेवा, मोटर फिरवायची गरज नाही.

ड्राइव्ह वर्षभराहून जास्त बंद राहिला असेल, उदाहरणार्थ एखादा हंगाम मिल चाललीच नाही, तर त्याला एकदम ४१५ व्होल्ट देऊ नका. डीसी बसच्या कपॅसिटरांवरचा ऑक्साइडचा थर कमजोर झालेला असतो. मॅन्युअलमध्ये दिलेल्या वेळेप्रमाणे व्हेरिएकने (व्होल्टेज कमीजास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) व्होल्टेज टप्प्याटप्प्याने चढवत न्या. आधी हीटसिंकमधली रुई ब्रश आणि व्हॅक्यूमने काढा. कॉम्प्रेसरची हवा मारली तर रुई आणि पाण्याचे थेंब दोन्ही आत जातात. ड्राइव्हचे कूलिंग पंखे हाताने फिरवून बघा, अडखळणारा पंखा हंगाम सुरू होण्याआधीच बदला. कापूस आवारात येऊन पडला की तो बदलायला कोणी मशीन थांबवू देत नाही.